निळ्या पिंपात रस उकळावा का?

प्रश्न : आमचा मालवण तालुक्यात छोटा घरगुती व्यवसाय आहे. मार्च ते जून बोंडूचा (काजूच्या फळाचा) रस, कोकम सरबत, आगळ आणि थोडं भिरंडेल (कोकमाच्या बियांचं तेल) करून आम्ही विकतो. आजवर सगळं मांगरातल्या चुलीवर, मोठ्या टोपात चालत आलं. यंदा माझ्या मुलाने ५० लिटरच्या निळ्या प्लास्टिकच्या पिंपाला तळाजवळ भोक पाडून त्यात जुन्या गिझरचं २००० वॅटचं एलिमेंट बसवलं आहे. परदेशात लोक घरी बीअर करायला असेच प्लास्टिकचे बॉयलर वापरतात, हे त्याने व्हिडिओत पाहिलं. नुसतं पाणी घालून एकदा उकळी आणून बघितली, थेंबभरही गळलं नाही. सासूबाई मात्र जवळ जायला तयार नाहीत. त्यांचं एकच म्हणणं, ‘ह्या पिंप फुटला तर कोणाच्या आंगार येतला?’ हे वापरावं की नाही?

– एक वाचक, ता. मालवण

उत्तर : वापरू नका. सासूबाईंनी विचारलेला प्रश्नच या सगळ्यातला मुख्य प्रश्न आहे. हंगाम तोंडावर असला तरी आजच त्या एलिमेंटची वायर काढून ठेवा आणि मग पुढचं वाचा.

मुलाने व्हिडिओत पाहिलं ते खोटं नाही. ब्रिटनमध्ये १९६३ साली घरी बीअर करण्यासाठी लागणारा परवाना रद्द झाला. त्यानंतर तिथे घरगुती बीअरचा छंद वाढला आणि त्या छंदासाठी प्लास्टिकचे बॉयलरही बाजारात आले. काही जणांनी चहाच्या किटलीतलं एलिमेंट काढून बादलीला बसवलं आणि वर्षानुवर्षं वापरलं. पण त्यांतले चांगले बॉयलर पॉलीप्रॉपिलीनचे, जाड भिंतीचे आणि आपोआप वीज तोडणाऱ्या कट-आउटसह बनवलेले असत. तुमचं निळं पिंप बहुधा एचडीपीईचं, म्हणजे जाड पॉलिइथिलीनचं आहे. तळाशी त्रिकोणात २ हा आकडा असेल तर ते नक्की एचडीपीई. पॉलीप्रॉपिलीनवर ५ असतो. दोन्ही प्लास्टिकंच, पण उष्णतेपुढे त्यांची वागणूक सारखी नाही.

पॉलीप्रॉपिलीन सुमारे १६० अंश सेल्सिअसला वितळतं, एचडीपीई १३० अंशांच्या आसपास. पाणी तर १०० ला उकळतं, मग ३० अंशांचं अंतर आहेच की, असं मुलगा म्हणेल. अडचण अशी की प्लास्टिक वितळण्याच्या फार आधीपासून मऊ पडू लागतं. खोलीच्या तापमानाला ताठ उभं राहणारं पिंप उकळत्या पाण्याने भरलं की त्याच्या भिंतीचा ताठपणा थोडासाच उरतो. त्या मऊ भिंतीवर ५० किलो वजनाचा उकळता द्रव आतून रेटत असतो. भिंत लगेच फुटत नाही, ती हळूहळू ताणली जाते, आणि प्रत्येक उकळीला हा ताण थोडा थोडा साठत जातो. म्हणूनच ‘एकदा उकळून बघितलं, गळलं नाही’ या चाचणीवर मी विसंबणार नाही. पहिल्या वेळी न गळणं हे अपेक्षितच आहे. गळती विसाव्या किंवा चाळिसाव्या वेळी होते, आणि तोवर घरातल्या सगळ्यांचा त्या पिंपावर विश्वास बसलेला असतो.

सगळ्यात कच्ची जागा म्हणजे ते भोक. तापलं की प्लास्टिक धातूच्या जवळपास दहापट प्रसरण पावतं. म्हणजे एलिमेंटचा धातूचा नट जिथल्या तिथे राहतो आणि भोवतालची भिंत दर उकळीला फुगते, थंड झाल्यावर आकसते. वॉशर आज घट्ट वाटतो, पण महिनाभरात सैल होतो. सैल झाला म्हणून नट आणखी आवळला, तर मऊ प्लास्टिक त्याखालून बाजूला सरकतं. शिवाय पॉलिइथिलीनचा आणखी एक दोष आहे. ताणाखाली असलेल्या या प्लास्टिकला साबणाचं पाणी आणि तेलकट पदार्थ लागत राहिले की त्यात बारीक भेगा पडतात. तुम्ही त्या पिंपात भिरंडेल काढणार आणि मग ते साबणाने धुणार. भेगा पडायला पोषक असं सगळंच तिथे जुळून येतं.

प्लास्टिकची टाकी उकळत्या पाण्याने खचली तर काय होतं, याचं एक उदाहरण सांगतो. इंग्लंडमधल्या टॉन्टन या गावी २००६ साली एका घरातल्या गिझरचा थर्मोस्टॅट बिघडला. पाणी तापतच राहिलं आणि ते उकळतं पाणी माळ्यावरच्या प्लास्टिकच्या टाकीत चढत गेलं. टाकी मऊ होऊन खचली. खालच्या खोलीत झोपलेल्या दहा महिन्यांच्या बाळाचा त्यात जीव गेला. ती टाकी कारखान्यात बनलेली होती, कुणी भोक पाडून जुळवलेली नव्हती. चूक टाकीची नव्हती, उकळतं पाणी त्या टाकीत कधी येईल असं गृहीतच धरलेलं नव्हतं. तुमचं पिंपही पाणी, धान्य, फार तर मीठ लावलेले रातांबे ठेवायला बनलेलं आहे.

आता एलिमेंटचं. गिझरमध्ये ते एकटं नसतं. पाणी साधारण ६०-७५ अंशांवर गेलं की थर्मोस्टॅट वीज बंद करतो. तो बिघडला तर वेगळा कट-आउट असतो. आणि सगळं बसवलेलं असतं अर्थिंग केलेल्या धातूच्या टाकीत. जुन्या गिझरमधून फक्त एलिमेंट काढलं की ही सगळी राखण मागे राहते आणि आग तेवढी पुढे येते. पिंपातला रस कमी होऊन एलिमेंट उघडं पडलं, तर काही क्षणांत ते शेकडो अंशांवर जातं आणि शेजारच्या प्लास्टिकला पेटवू शकतं. बायकांचं काम मांगरात एका वेळी एकच नसतं. कोणी रातांबे फोडत असतं, कोणी बाटल्या धुवत असतं. पिंपाकडे सतत बघत बसायला माणूस नसतो.

रस आणि पाक तापवताना धोका वाढतो. पाण्यात एलिमेंटची उष्णता लगेच वाहून जाते. साखरेचा दाट पाक किंवा चोथा असलेला रस मात्र एलिमेंटला चिकटतो, करपतो आणि त्याचं कवच होतं. त्या कवचाखाली एलिमेंट जास्त जास्त तापत जातं आणि शेवटी फुटतं. परदेशातल्या बीअर करणाऱ्यांनाही ही अडचण कायम सतावते, त्यांच्या धान्याच्या काढ्यातही साखर असतेच. वर, दाट पाक १०० अंशांच्या पुढे जाऊन उकळतो. म्हणजे प्लास्टिकसाठीचं आधीच तुटपुंजं अंतर आणखी कमी झालं.

‘प्लास्टिकला शॉक बसत नाही, म्हणून ते पत्र्यापेक्षा बरं’ हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे आणि तो घातक आहे. एलिमेंटचं आवरण चिरलं तर वीज द्रवात उतरते. अर्थिंग केलेल्या धातूच्या भांड्यात ती लगेच जमिनीकडे जाते आणि आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, खटकन पडतो. प्लास्टिकच्या पिंपात, एलिमेंटला अर्थची तिसरी वायर जोडलेली नसेल तर, त्या विजेला बाहेर पडायला वाटच नसते. मग कोणीतरी स्टीलचा डाव आत घालतं आणि ती वाट त्याच्या हातातून, ओल्या जमिनीवरच्या अनवाणी पायांतून तयार होते. कोकमाचा आंबट रस आणि मिठाचं पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा वीज कितीतरी सहज वाहून नेतं, हेही विसरू नका.

किनाऱ्यावर यात आणखी भर पडते. खारट हवेने प्लगच्या पिना आणि वायरची टोकं गंजतात. तुमच्या हंगामातले एप्रिल-मे म्हणजे जांभ्याची जमीन सगळ्यात कोरडी असतानाचे दिवस. त्या दिवसांत अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असेल तर अर्थची वायर असूनही तिचा उपयोग फार थोडा. २००० वॅटला जवळजवळ ९ अँपिअर वीज लागते. मांगरातल्या ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर किंवा लांबवलेल्या बोर्डावर ते लावलं तर आधी प्लग वितळेल.

आता रसाबद्दल. तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या गिऱ्हाइकांच्या वतीने मला हे सांगितलंच पाहिजे. निळी पिंपं अनेकदा जुन्या बाजारातून येतात आणि आधी त्यांत काय होतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. पॉलिइथिलीन काही रसायनं शोषून घेतं. ती धुऊन जात नाहीत आणि गरम केल्यावर हळूहळू बाहेर येतात. खाद्यपदार्थांसाठी पॉलिइथिलीन कसं असावं याचं भारतीय मानक आहे, आयएस १०१४६, आणि पॉलीप्रॉपिलीनसाठी आयएस १०९१०. प्लास्टिकमधून अन्नात एकूण किती द्रव्य उतरलं तर चालेल, याची कायद्याने घातलेली मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम आहे. पण ही मानकं धान्य, पाणी, रस साठवणाऱ्या पिंपाला उकळण्याची परवानगी देत नाहीत. उष्णता वाढली की प्लास्टिकमधून उतरणाऱ्या गोष्टी वाढतात, आणि तेलकट पदार्थात त्या सगळ्यात जास्त उतरतात. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० साली बाळांच्या दुधाच्या पॉलीप्रॉपिलीनच्या बाटल्या तपासल्या. ७० अंशांचं पाणी घालून हलवलेल्या बाटल्यांतून लिटरमागे एक कोटी साठ लाखांपर्यंत सूक्ष्म प्लास्टिककण पाण्यात आले, आणि पाणी जितकं गरम तितके कण जास्त. या कणांनी शरीरात नेमकं काय होतं यावर अभ्यास चालू आहे. पण तोवर गिऱ्हाइकांना ते पाजत राहण्याचं काही कारण मला दिसत नाही. भिरंडेल तर निव्वळ चरबी. ते प्लास्टिकमध्ये उकळणं हा या सगळ्या बेतातला सगळ्यात वाईट भाग आहे.

तुम्हाला मुळात कशाला किती उष्णता लागते, ते एकदा बसून बघा. माझ्या मते हे पिंप नसलं तर तुमचं काही अडत नाही. आगळ उकळायचं नसतंच. रातांब्याची सालं मिठात मुरवली की ते सुटतं. अमृत कोकम साखरेचे थर देऊन उन्हात होतं. या दोन्ही कामांना खाद्यपदार्थांसाठीचं नवं, झाकणाचं प्लास्टिकचं पिंप अगदी योग्य आहे, उलट तिथे धातू नको, कारण मीठ आणि आंबट यांनी ॲल्युमिनियम आणि पत्रा खाल्ला जातो आणि साधं स्टीलही कालांतराने डागतं. म्हणजे मुलाने आणलेलं पिंप नवं असेल तर फेकायची गरज नव्हती, पण त्याला आता भोक पडलं आहे. भोक बुजवून पाण्याला वापरा, खाण्याला नको.

बोंडूच्या रसालाही उकळी लागत नाही. उकळलात तर त्याची चव शिजल्यासारखी होते, आणि बोंडूत जे ‘क’ जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असतं, त्याचा बराचसा भाग जातो. गाळलेला रस काचेच्या बाटल्यांत भरा. मोठ्या धातूच्या टोपात तळाशी फडकं अंथरून बाटल्या उभ्या करा, गळ्यापर्यंत पाणी घाला आणि साधारण ८०-८५ अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. मग झाकणं घट्ट करून बाटल्या हळूहळू थंड होऊ द्या. गार पाण्यात एकदम घातल्या तर काच तडकते. तापमान बघायला स्वयंपाकाचा साधा थर्मामीटर पुरतो. या पद्धतीत रस उष्ण भांड्याला किंवा एलिमेंटला लागतच नाही, करपण्याचा प्रश्नच उरत नाही. एक सूचना : बोंडूतल्या टॅनिनमुळे रस लोखंडाला लागला की काळा पडतो, म्हणून गाळण्या आणि डाव स्टीलचेच घ्या. आणि गरम रस प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांत भरू नका. त्या ७०-७५ अंशांनाच मऊ पडून वाकड्या होतात.

उकळायचं राहतं ते पाक आणि भिरंडेल. त्यासाठी जाड बुडाचा स्टीलचा टोप आणि चूल किंवा गॅस यांच्याइतकं सोयीचं दुसरं नाही. वीज स्वस्त पडेल असं मुलाचं गणित असेल तर तेही तपासून बघा. ४० लिटर पाणी २८ अंशांवरून उकळायला साडेतीन युनिटच्या आसपास वीज आणि २००० वॅटच्या एलिमेंटवर पावणेदोन तास लागतात. तेच काम बऱ्या शेगडीवर अर्ध्या किलोच्या आसपास गॅसमध्ये होतं. वेळ आणि खर्च दोन्ही बघता मला तरी विजेत काही मोठी बचत दिसत नाही. व्यवसाय वाढवायचाच असेल तर वाफेवर चालणारी दुहेरी भिंतीची स्टीलची कढई घेण्याचा विचार करा. लहान अन्नप्रक्रिया उद्योगांना यंत्रासाठी अनुदान देणारी केंद्राची योजना २०२० साली सुरू झाली. ती सध्या चालू आहे का, तुम्हाला लागू होते का, हे तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. किर्लोसचं कृषी विज्ञान केंद्र तर तुमच्याच तालुक्यात आहे. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र काजू आणि कोकमावर काम करतं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावावर माल विकणाऱ्यांना तो कशात शिजवला हे विचारणाऱ्या गिऱ्हाइकापुढे ताठ मानेने उभं राहता आलं पाहिजे.

मुलाला रागावू नका. त्याच्या हातात कसब आहे. त्याला मांगरातलं वायरिंग चांगल्या वायरमनबरोबर बसून तपासायला सांगा. अर्थिंग घालणं आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवणं ही कामं तो शिकला तर घराला त्याचा खरा उपयोग होईल.

आणि चुलीवरचा टोपही उकळताच असतो, म्हणून हे सगळ्यांना सांगून ठेवा : भाजल्यास लगेच नळाचं किंवा विहिरीचं वाहतं पाणी वीस मिनिटं त्या जागेवर सोडा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका. अंगठी, बांगड्या सूज यायच्या आत काढा. चिकटलेलं कापड ओढू नका. चेहरा, हात किंवा अंगाचा मोठा भाग भाजला असेल तर १०८ ला फोन करा.

प्रश्न : बोंडूचा रस दोन दिवस राहिला की आपोआप आंबतो. परदेशात घरी बीअर करायला परवानगी आहे, मग आपण घरापुरती थोडी वाइन किंवा हुर्राक केली तर काय बिघडलं? गोव्यात तर सगळे करतात.

– एक वाचक, ता. सावंतवाडी

उत्तर : महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि त्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. ते घरापुरतं आहे, विकायचं नाही, हा बचाव चालत नाही. गोव्यातही भट्टी लावायला परवाना लागतो. तिथली परंपरा जुनी आहे : बोंडूचा रस आंबवून मातीच्या किंवा तांब्याच्या भांड्यात पहिल्यांदा ऊर्ध्वपातन केलं की हुर्राक, पुन्हा केलं की फेणी. गोव्याच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते काम पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या लोकांनी धातू आणि मातीत केलं, प्लास्टिकमध्ये नाही. अल्कोहोलची वाफ प्लास्टिकच्या नळीतून नेली तर नळी मऊ ठेवणारी द्रव्यं त्यात उतरतात. ती वाफ ज्वालाग्राही असते आणि बंद मांगरात साठली तर ठिणगी पुरेशी होते. ब्रिटनमध्येही १९६३ ची मोकळीक बीअरपुरती होती. ऊर्ध्वपातनाला तिथे आजही परवाना लागतो. तुमचा रस आंबू नये असं वाटत असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे तो काढल्या काढल्या बाटल्यांत गरम करून ठेवा.

प्रश्न : अंघोळीच्या पाण्यासाठी आम्ही प्लास्टिकच्या बादलीत रॉड टाकतो. ते तरी ठीक आहे का?

– एक वाचक, ता. कुडाळ

उत्तर : ठीक म्हणता येणार नाही, पण घरोघरी हेच चालतं. म्हणून निदान एवढं पाळा. रॉड बादलीच्या भिंतीला किंवा तळाला टेकता कामा नये. काठावर लाकडी पट्टी टाकून त्यावर तो अडकवा. रॉडवरच्या खुणेइतकं पाणी असल्याशिवाय बटण दाबू नका. पाणी तापलं का हे बोट घालून बघू नका. आधी बटण बंद करा, प्लग काढा, थोडा वेळ थांबा आणि मग हात लावा. पाणी वाफाळेपर्यंत ठेवायची गरज नसते. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाच्या कातडीला पाचेक सेकंदांत खोल भाजतं, लहान मुलाला त्याहून लवकर. रॉड चालू असताना न्हाणीघराचं दार लावून घ्या, म्हणजे रांगतं मूल आत जाणार नाही. तीन पिनांचा प्लग नसलेला किंवा आयएसआयचं चिन्ह नसलेला रॉड, कितीही स्वस्त मिळाला तरी, घेऊ नका.